नवा फिल्म स्कॅनर बनवायचाच झाला, तर त्यात नेमकं काय हवं?

दातेरी

नमस्कार मंडळी,

३५ मिमी आणि त्याहून रुंद १२० फिल्मसाठी नवा स्कॅनर बनवायचा आमच्या छोट्या गटाचा विचार आता कागदावरून टेबलावर आला आहे. मोटर, सर्किट, सेन्सर ही बाजू आम्ही सांभाळू. पण रोज फिल्म स्कॅन करणाऱ्यांना काय लागतं, हे तुम्हीच सांगू शकाल.

बाजारातली परिस्थिती ठाऊक आहेच. कोनिका मिनोल्टानं २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा धंदा सोडला आणि डायमाज ५४०० स्कॅनरची परंपरा तिथेच संपली. निकॉनचे कूलस्कॅन ५००० आणि ९००० बंद होऊन बरीच वर्षं झाली. हॅसेलब्लाडनं २०१९ मध्ये फ्लेक्सटाइट थांबवला. उरले ते प्लसटेक, रिफ्लेक्टा यांचे लहान स्कॅनर, एप्सन व्ही८५० सारखे फ्लॅटबेड, लॅबमधून बाहेर पडलेली नोरित्सू आणि फ्रंटियर यंत्रं, आणि मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा.

सध्याचा आराखडा असा आहे: मोनोक्रोम सेन्सर, खालून लाल, हिरवा, निळा आणि (धूळ ओळखण्यासाठी) इन्फ्रारेड एलईडी एकामागून एक लावून प्रत्येक फ्रेमची चार एक्स्पोजर, आणि ३५ मिमीला ४००० डीपीआय (इंचाला ४००० पिक्सेल). काही जण म्हणतात, खोक्यावर ४००० लिहिलं तर कोणी ढुंकून बघणार नाही, ७२०० किंवा १०००० पाहिजे. इन्फ्रारेडचा खर्च खरंच वाचवू नये का? होल्डर पुरेल की मोटर हवीच? सॉफ्टवेअरनं निगेटिव्ह उलटवून तयार रंगीत फोटो द्यावा की नुसती कच्ची फाइल? सगळंच करता येणार नाही, म्हणून कशाला आधी हात घालावा ते सांगा.


लोलक

डीपीआयचा आकडा वाढवू नका. जो लिहाल तो खरा करा, एवढं झालं तरी खूप आहे.

४००० डीपीआय म्हणजे मिलिमीटरला सुमारे १५७ पिक्सेल, म्हणजे जास्तीत जास्त ७८-७९ रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी रेष). फुजीच्या वेल्व्हिया ५० या स्लाइड फिल्मच्या माहितीपत्रकात कमी कॉन्ट्रास्टच्या तक्त्यासाठी मिलिमीटरला ८० आणि १०००:१ कॉन्ट्रास्टसाठी १६० रेषा दिल्या आहेत. पण प्रत्यक्ष दृश्यांत १०००:१ चा बारीक तपशील फारसा सापडत नाही. ४०० आयएसओच्या फिल्मवर कॅमेरा हातात धरून काढलेल्या फोटोत ५०-६० च्या पुढे क्वचितच काही असतं. तेव्हा खरे ४००० मिळाले तर ३५ मिमीची बहुतेक कामं भागतात.

‘खरे’ कसे मोजायचे? काचेवर क्रोम चढवलेला यूएसएएफ १९५१ तक्ता (बारीक होत जाणाऱ्या पट्ट्यांचा कसोटी-तक्ता) घ्या. जी सर्वांत बारीक पट्टी सुटी दिसते तिच्या रेषाजोड्यांना ५०.८ नं गुणा. पाचव्या गटातली सहावी पट्टी म्हणजे ५७ रेषाजोड्या, म्हणजे साधारण २९००. सहाव्या गटातली पहिली ६४, म्हणजे ३२५०. दुसरी ७१.८, म्हणजे ३६५०. तुमचा दावा ४००० चा असेल तर ही शेवटची पट्टी निदान ओळखू आली पाहिजे. आडवी आणि उभी दोन्ही, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. ७२०० छापलेले लहान स्कॅनर या कसोटीला ३२०० ते ३९०० च्या आसपास थांबतात. ६४०० छापलेले फ्लॅटबेड २३०० ते २६०० वर. यात ग्राहकाचं दुहेरी नुकसान होतं. ७२०० ला एक ३५ मिमी फ्रेम ६९ मेगापिक्सेलची होते, ४८ बिटला ४१६ एमबी. ४००० ला तीच २१ मेगापिक्सेल, १२९ एमबी. तपशील तेवढाच, फाइल मात्र तिप्पट. शक्य असेल तर आयएसओ १६०६७-२ प्रमाणे तिरक्या कडेची मोजणी करून तिचा आलेख जाहीर करा. जाणकार आकड्यापेक्षा त्या आलेखाला भुलतील.

४००० च्या फार खालीही जाऊ नका. २४००-२७०० ला ग्रेन आणि पिक्सेल यांचा आकार एकमेकांत अडकतो आणि ग्रेन फिल्मवर आहे त्यापेक्षा जाडाभरडा दिसतो. लोक मग फिल्मला दोष देतात.

आता खरा मुद्दा, फोकस. सेन्सरवर फिल्मएवढीच प्रतिमा पडते आणि लेन्स एफ/५.६ वर आहे असं धरा. ६.३५ मायक्रॉनच्या पिक्सेलला फोकसची एकूण खोली निघते जेमतेम ०.१४ मिमी. ती साधारण फिल्मच्या स्वतःच्या जाडीएवढीच आहे. बाक आलेली पट्टी मध्यभागी अर्धा मिलिमीटर सहज उचलली जाते. म्हणजे मध्य साधला तर कडा गेल्या, कडा साधल्या तर मध्य गेला. लेन्सचं छिद्र आणखी बारीक करून हे सुटत नाही. १:१ ला एफ/८ हे प्रत्यक्षात एफ/१६ सारखं वागतं. आदर्श लेन्स धरली तरी ८० रेषाजोड्यांवरचा कॉन्ट्रास्ट एफ/५.६ ला सुमारे ४० टक्के असतो, तो एफ/८ ला १८ वर येतो.

म्हणून फोकस कायमचा बसवलेला नको. स्वयंचलित हवा, बिंदू आपल्याला निवडता यायला हवा, आणि त्याहून उपयोगाचं म्हणजे मध्य आणि चार कोपरे अशा पाच ठिकाणचा फोकस मोजून आकडे पडद्यावर दाखवायला हवेत. फरक दिसला की माणूस ठरवतो, पट्टी पुन्हा सपाट करायची की मध्य आणि कड यांच्या अधलामधला बिंदू धरायचा. कूलस्कॅनवर मुरलेले लोक हेच करतात, फक्त अंदाजानं.


चौकट३६

लोलक यांचं सगळं मान्य. पण माझ्या मते पहिला क्रमांक फिल्म पुढे सरकवण्याचा. स्कॅनर कपाटात धूळ खात पडतात ते शार्पनेस कमी पडला म्हणून नाही. दर फ्रेमला होल्डर एक घर ढकलायचा, प्रीव्ह्यू घ्यायचा, चौकट ओढायची, तीन-चार मिनिटं थांबायचं, हे ३६ वेळा करावं लागतं म्हणून. न कापलेला रोल आत घातला आणि उठून दुसऱ्या कामाला लागता आलं पाहिजे. कूलस्कॅन ५००० ला एसए-३० हे ४० फ्रेमपर्यंतचं रोलचं जोडकाम होतं, म्हणून तर त्या यंत्राला आजही मागणी आहे.

हे करताना चौकट ओळखण्यात घोळ होतो, तो आधीच समजून घ्या. दोन फ्रेममधली रिकामी जागा शोधून चौकट ठरवणारी यंत्रं रात्रीच्या आणि फ्लॅशच्या फोटोंना फसतात. काळी पार्श्वभूमी निगेटिव्हवर कोरीच असते, त्यामुळे फ्रेम कुठे संपली आणि फट कुठे सुरू झाली याचा पत्ता लागत नाही. एक फ्रेम चुकली की पुढच्या सगळ्या सरकतात. आधी पूर्ण रोल भराभर कमी रिझोल्यूशनला एका लांब पट्टीसारखा वाचा, पडद्यावर सलग दाखवा, यंत्रानं अंदाजानं चौकटी आखाव्यात आणि माणसाला त्या ओढून नीट करता याव्यात. जागा मोटरच्या पायऱ्यांत न नोंदवता कडेच्या भोकांच्या हिशेबानं नोंदवा. भोकांमधलं अंतर ४.७५ मिमी, एका फ्रेमला आठ भोकं, म्हणजे ३८ मिमी. रबराचा रोलर थोडा घसरला तरी भोकं मोजली की जागा पुन्हा सापडते. दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर जास्तीचं स्कॅन करा. कापणं सोपं, हुकलेली कड परत आणणं अशक्य.

चौकटीची लांबी ३६ मिमीला बांधून ठेवू नका. हाफ-फ्रेम १८ मिमीची असते, एक्सपॅन या पॅनोरमा कॅमेऱ्याची ६५ मिमीची. जुन्या कॅमेऱ्यांत तर फ्रेम एकमेकींवर चढतात.

खिडकी २४ मिमीची न ठेवता पूर्ण ३५ मिमीची ठेवा. भोकांसकट काळी कड हवी असणारे पुष्कळ आहेत, पण मुख्य फायदा वेगळा आहे. कडेवर डीएक्स बारकोड छापलेला असतो. त्यातून फिल्मचा प्रकार कळतो आणि बहुतेक फिल्मवर फ्रेमचा क्रमांकही. तो वाचून फाइलला आपोआप क्रमांक दिलात तर कापलेल्या पट्ट्या उलटसुलट क्रमानं घातल्या तरी रोलचा क्रम लागेल.

दातेरी चाकं लावू नका (तुमचं नाव बघता हे सांगताना वाईट वाटतं). जुन्या फिल्मची फाटलेली भोकं त्यात अडकून आणखी फाटतात. मऊ सिलिकॉनचे रोलर, फक्त भोकांच्या पट्ट्यावर टेकणारे, चित्राला न शिवणारे. बाहेर पडणारी फिल्म घट्ट गुंडाळू नका. गुंडाळी आवळली गेली की एक थर दुसऱ्यावर घासतो आणि लांबच्या लांब ओरखडे पडतात. मोठ्या व्यासाच्या पिंपावर सैल घ्या किंवा खाली लोंबती सोडून स्वच्छ कापडी पिशवीत उतरवा. आत शिरताना धूळ झटकणारा विद्युतभार-विरोधी ब्रश हवाच.

आणि हे फक्त अखंड रोलपुरतं नको. लॅब चार, पाच, सहाच्या पट्ट्या कापून देते. कूलस्कॅनच्या एसए-२१ या पट्टीच्या जोडकामाला दोनपेक्षा कमी फ्रेमची पट्टी चालत नाही. एकटी कापलेली फ्रेम आणि माउंटमधली स्लाइड यांच्यासाठी साधा होल्डर सोबत द्या.


निळीकाच

प्रकाश आणि कच्ची फाइल यांबद्दल.

मोनोक्रोम सेन्सर आणि तीन वेगळे एलईडी ही निवड रंगीत निगेटिव्हसाठी उत्तम आहे. निगेटिव्हच्या तळाला नारिंगी मास्क असतो. लाल प्रकाशाला तो फारसा अडवत नाही, निळ्याला मात्र ०.६-०.७ डेन्सिटीनं (दाटपणाचं माप; १ म्हणजे दहापट) जास्त अडवतो, म्हणजे निळ्याला चार ते पाच पट एक्स्पोजर लागतं. पांढऱ्या प्रकाशात एकच एक्स्पोजर दिलं की निळा चॅनेल उपाशी राहतो, आणि उलटवल्यावर आकाशात आणि उजळ भागांत पिवळी-निळी खरखर दिसते. तुमच्याकडे प्रत्येक एलईडीचा वेळ वेगळा ठेवता येईल, तेव्हा तिन्ही चॅनेल कोऱ्या तळावर जवळजवळ भरतील एवढे उघडा.

हे माप रोलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्ट्यावर एकदाच घ्यायचं आणि पूर्ण रोलला तेच कुलूपबंद ठेवायचं. व्ह्यूस्कॅन या सॉफ्टवेअरमध्ये ‘लॉक एक्स्पोजर’ आणि ‘लॉक फिल्म बेस कलर’ यांसाठीच आहेत. फ्रेमगणिक आपोआप एक्स्पोजर बदललं की एकाच ठिकाणचे लागोपाठचे चार फोटो चार रंगांचे निघतात आणि नंतर कितीही वेळ घालवला तरी जुळत नाहीत. या एका सोयीसाठी लोक तुमचा स्कॅनर घेतील.

फाइल रेषीय, १६ बिटची, काहीही न उलटवलेली, शार्पन न केलेली द्या. इन्फ्रारेड चौथा चॅनेल म्हणून तिच्यातच ठेवा. एका ३५ मिमी फ्रेमला १७१ एमबी, ३६ फ्रेमला सव्वासहा जीबीच्या आतबाहेर. उलटवण्याचं काम निगेटिव्ह लॅब प्रो, सिल्व्हरफास्ट किंवा ज्याचं जे आवडतं त्यानं करावं. तयार जेपीईजीची सोय असू द्या, पण ती कच्च्या फाइलच्या वर, तिच्या जागी नव्हे.

तरंगलांब्या साधारण अशा ठेवा: निळा ४५० नॅनोमीटर, हिरवा ५३०-५४०, लाल ६५० च्या आसपास. स्वस्त पट्ट्यांतला ६२० चा लाल घेऊ नका. तिथे सायन आणि मॅजेन्टा रंगद्रव्यांची सरमिसळ जास्त होते आणि त्वचेचे रंग मळतात. लाल एलईडी तापला की त्याचा उजेड घटतो, निळ्याचा त्या मानानं कमी. रोलच्या शेवटी कच्च्या फाइलचा रंग हिरवट-निळसर सरकतो त्याचं एक कारण हे. दर काही फ्रेमनंतर रिकाम्या खिडकीचं वाचन घेऊन दुरुस्ती करा.

स्लाइडसाठी मात्र हीच चिंचोळी तिरंगी रोषणाई थोडी अडचणीची आहे. स्लाइड पांढऱ्या प्रकाशात डोळ्यांनी बघायला बनलेली असते. चिंचोळे एलईडी तिचे रंग डोळ्यांपेक्षा वेगळे वाचतात, आणि प्रत्येक फिल्मला वेगळी चूक होते. आयटी८ तक्त्यावरून (ठाऊक रंगांच्या चौकोनांचा तक्ता) एक्टाक्रोमसाठी वेगळं आणि फुजीसाठी वेगळं प्रोफाइल करावं लागेल. निगेटिव्हला आयटी८ चा उपयोग नाही, तिथे तो वेळ घालवू नका.

स्लाइडची दुसरी अडचण सावल्या. डेन्सिटी ३.६ ला प्रकाश चार हजारांतला एकच भाग पार जातो. समजा सेन्सरच्या पिक्सेलची क्षमता ३०००० इलेक्ट्रॉन आहे. तिथे त्याला मिळतात सात-आठ. वाचनाचा गोंगाटच दोन-तीन असतो, काय दिसणार? दुसरं एक्स्पोजर आठपट लांब द्या, म्हणजे साठ मिळतील, आणि दोन्ही जुळवा. मध्ये फिल्म सूतभरही हलता कामा नये. खोक्यावर ‘डीमॅक्स ४.८’ (यंत्र वाचू शकेल ती सर्वांत जास्त डेन्सिटी) लिहू नका. तो १६ बिटच्या गणितातून काढलेला आकडा आहे, फिल्मशी त्याचा संबंध नाही. आयएसओ २१५५० प्रमाणे मोजून जो येईल तो लिहा.


रजतकण

कृष्णधवलवाल्यांचीही बाजू ऐका, कारण नव्यानं फिल्म वापरणाऱ्यांत घरी डेव्हलप करणारे बरेच आहेत.

इन्फ्रारेडनं धूळ काढणं आम्हाला निरुपयोगी आहे. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, म्हणून त्या चॅनेलमध्ये फक्त धूळ आणि ओरखडे दिसतात. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते आणि ती इन्फ्रारेडही अडवते. सॉफ्टवेअर मग चित्रालाच धूळ समजून पुसत सुटतं. त्यामुळे ही सोय हातानं बंद करता आलीच पाहिजे, आणि कृष्णधवल निवडल्यावर आपोआप बंद व्हायला हवी. इल्फर्डची एक्सपी२ सुपर सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्हच्या रसायनांत) धुतली जाते, तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, तिला मात्र ती चालते. कोडाक्रोम ही जुनी स्लाइड फिल्म मधल्यामध्ये लटकते: तिचं सायन रंगद्रव्य थोडा इन्फ्रारेड शोषतं. उत्पादन २००९ मध्ये थांबलं, पण घराघरांत पेट्या भरून पडल्या आहेत. तिच्यासाठी वेगळी, सौम्य पायरी ठेवा.

आम्हाला धुळीविरुद्ध मदत करतो तो पसरट प्रकाश. समांतर किरणांत चांदीचे कण प्रकाश विखुरतात, लेन्सपर्यंत कमी पोचतो, आणि दाट भाग आहेत त्याहून दाट दिसतात. यालाच कॅलिअर परिणाम म्हणतात. त्याच प्रकाशात तळावरचा प्रत्येक बारीक ओरखडा पांढरा चमकतो. ओपल (दुधी) काच फिल्मपासून १५-२० मिमी खाली ठेवा. प्रकाश पसरतो आणि त्या काचेवरची धूळ फोकसबाहेर जाते.

तिन्ही एलईडी लावून सरासरी काढू नका. फक्त हिरव्यात एक एक्स्पोजर द्या: लेन्सच्या रंगदोषाचा प्रश्न मिटतो आणि वेळही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पायरोत (फिल्मवर डाग सोडणारा डेव्हलपर) डेव्हलप केलेल्या निगेटिव्हला मात्र कोणता एलईडी वापरायचा ते आम्हाला ठरवू द्या. तिचा पिवळसर डाग निळ्यात दाट वाचला जातो, कॉन्ट्रास्ट वाढतो, हिरव्यात कमी.


एकास_एक

विरोधी बाजू मांडतो, कारण तुमची खरी स्पर्धा जुन्या कूलस्कॅनशी नसून कॅमेऱ्याशी आहे.

२४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा १:१ मॅक्रोवर ६०००×४००० पिक्सेल देतो, म्हणजे ४२०० डीपीआयच्या वर. ४५ मेगापिक्सेलवाला ५८०० च्या पुढे. एक फ्रेम सेकंदाच्या आत. कॅमेरा आणि फिल्म समांतर करायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये आणायचं. फिल्मभोवतालचा उघडा प्रकाश काळ्या कार्डानं झाकला की धूसरपणाही जातो.

मग तुमच्याकडे कोणी का यावं? एक, इन्फ्रारेड. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे धुळीचा चौथा चॅनेल मिळतच नाही. रंगीत फिल्मचे रोलच्या रोल करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ डाग पुसण्यात जातो. इन्फ्रारेड वगळलात तर तुमचं यंत्र म्हणजे मोटर लावलेला कॉपी स्टँड उरेल. दोन, बेयर फिल्टरशिवाय (कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलला एकच रंग देणारी जाळी) प्रत्येक पिक्सेलला तिन्ही रंग. तीन, रोज जुळवाजुळव करायला न लागणं. या तिन्हींत कमी पडलात तर फक्त ४००० डीपीआयसाठी कोणी पैसे मोजणार नाही.


दातेरी

मनापासून आभार. इन्फ्रारेड राहणार हे पक्कं झालं. दातेरी चाकं गेली.

आता अडकलो आहोत ते सपाटपणावर. क्षेत्र-सेन्सर (सगळी फ्रेम एकाच वेळी टिपणारा) असल्यामुळे पूर्ण फ्रेम एकदम सपाट हवी. वर-खाली काच दिली तर सपाट होते, पण रोल सरकवताना काच घासेल. काच नको म्हटलं तर लोलक यांचा ०.१४ मिमी आडवा येतो. फ्लेक्सटाइटमध्ये काच नसताना हे कसं साधत होतं?


लोलक

फ्लेक्सटाइटमध्ये फिल्म सपाट नसतेच, ती मुद्दाम वाकवलेली असते. पोस्टकार्ड लांबीच्या दिशेनं कमानीसारखं वाकवा. रुंदीच्या दिशेनं ते ताठ होतं. फिल्मचंही तेच. पिंपासारख्या वळणावरून ती जाते, आणि सेन्सर रेषेचा असल्यानं लेन्सला एका वेळी फक्त वळणाच्या माथ्यावरची ताठ रेषा दिसते. त्यासाठी काच लागत नाही.

पण हे फक्त रेषा-सेन्सरला जमतं, आणि मग तुमचा खर्च यांत्रिक बाजूला जातो. ४००० डीपीआयला एक पिक्सेल ६.३५ मायक्रॉनचा. फिल्म तेवढ्या नेमक्या पायऱ्यांनी, हिसका न देता सरकली पाहिजे, नाहीतर आडवे पट्टे उमटतात. कूलस्कॅन ९००० मध्ये तीन रेषांचा सेन्सर आहे. रेषांच्या संवेदनशीलतेतल्या फरकामुळे पट्टे दिसले तर ‘सुपर फाइन स्कॅन’ लावून एकाच रेषेनं वाचावं लागतं, आणि वेळ तिप्पट होतो.

तुम्ही क्षेत्र-सेन्सरवरच राहा. खिडकी उघडझाप होणारी करा: फिल्म सरकताना वरची चौकट एक-दोन मिमी उचललेली, थांबल्यावर चारही कडांवर दाबणारी. निगेटिव्हला बहुतेक वेळा एवढं पुरतं, कारण बाक रुंदीच्या दिशेनं असतो आणि भोकांच्या पट्ट्या दाबल्या की बराचसा उतरतो. हट्टी फिल्मसाठी एकच काच द्या, फक्त तळाच्या म्हणजे चकचकीत बाजूला, बारीक दाणेदार पृष्ठभागाची. साधी गुळगुळीत काच चकचकीत तळाला टेकली की न्यूटनची इंद्रधनुषी कडी उमटतात. इमल्शनची (चित्राच्या थराची) बाजू लेन्सकडे आणि उघडी ठेवा. चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल तर सॉफ्टवेअरमध्ये पलटवा. काच सुटी निघणारी हवी, कारण काचेचे दोन पृष्ठभाग म्हणजे धुळीला दोन जागा जास्त.

इन्फ्रारेडबद्दल एक राहिलं. लेन्सचा फोकस इन्फ्रारेडला थोडा सरकतो आणि प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो. चौथा चॅनेल तसाच वापरला तर कोपऱ्यांत धुळीचा मुखवटा धुळीवर बसत नाही. शेजारी भुतासारखी कड राहते. कारखान्यातच ठिपक्यांच्या तक्त्यावर प्रत्येक चॅनेलचं माप घेऊन ते यंत्रात साठवा.

१२० साठी तुम्हाला तुकडे जोडावे लागतील. ६×७ ची फ्रेम ४००० ला जवळजवळ ९६ मेगापिक्सेल होते. १०-१५ टक्के एकमेकांवर येऊ द्या आणि रिकाम्या खिडकीच्या वाचनानं प्रत्येक तुकड्याचा उजेड आधी सारखा करा. हे वगळलं तर मोकळ्या आकाशात जोड दिसतातच.


जुनीतार

दुरुस्तीबद्दल अजून कोणी बोललं नाही. चांगले फिल्म स्कॅनर दशकभराहून जास्त टिकतात. आधी मरतं ते सॉफ्टवेअर आणि केबल.

कूलस्कॅन ९००० फायरवायरवर चालतो, आणि त्या जोडणीचा संगणक शोधणं हेच आता काम झालं आहे. निकॉन स्कॅन ४ नंतर पुढे सरकलंच नाही. फ्लेक्सटाइटचं फ्लेक्सकलर ३२ बिटचं. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनानं ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअर बंद केली, तेव्हापासून मालक जुने मॅक जपून ठेवतात. यंत्रं ठणठणीत होती. याउलट लिनक्सवरच्या सेन (SANE) या मुक्त स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये कूलस्कॅन३ नावाचा चालक (ड्रायव्हर) आहे, तो आजही ही यंत्रं चालवतो. तेव्हा यंत्राशी बोलायची भाषा पहिल्या दिवसापासून जाहीर करा. फोकस हलव, एलईडी लाव, वाच, फिल्म सरकव, अशा मोजक्या आज्ञा कागदावर असल्या की तुमची कंपनी राहो न राहो, कोणीतरी चालक लिहील. परवान्याची तपासणी इंटरनेटवरून करू नका. सर्व्हर बंद पडला की स्कॅनरही बंद.

आत काय खराब होतं ते सांगतो. रबराचे रोलर कडक होऊन घसरतात. सरकत्या दांड्यावरचं ग्रीस घट्ट होतं, मोटर पायऱ्या चुकवते आणि फोकस ‘सापडत नाही’ असं सॉफ्टवेअर सांगतं. कूलस्कॅनमध्ये आरशावर धुळीचा आणि वाफेचा थर बसतो; स्लाइडमध्ये गडद भागाला लागून उजळ कड असली की तिच्याभोवती धुरकट झळाळी दिसते. पुष्कळांना वाटतं लेन्स गेली. आरसा पुसला की झळाळी जाते, पण त्याचा लेप वरच्या पृष्ठभागावर असतो, त्यामुळे घासला की कायमचा गेला.

म्हणून प्रकाशाच्या वाटेत आरसा टाळता आला तर टाळा. तळ चार स्क्रूंनी उघडणारा, चिकटवलेला नको. बाजारात सहज मिळणारी नेमा १७ मोटर आणि जीटी२ पट्टा वापरा. रोलरच्या जागी कोणालाही मिळतील अशा मापाच्या ओ-रिंग बसतील असं करा. एलईडीचा बोर्ड वेगळा काढता येऊ द्या, कारण एलईडी कधी ना कधी मंदावतील. आणि बदलल्यावर माप घ्यायची पायरी मालकाला स्वतः करता आली पाहिजे, यंत्र कारखान्यात पाठवायला लागू नये.


चौकट३६

दातेरी, पहिला नमुना तयार झाला की नुसत्या ताज्या, सरळ फिल्मवर तपासू नका, त्या कुठल्याही यंत्रात चालतात. हे जमवून ठेवा: डबीत वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळून राहिलेला एक रोल, रात्रीचे आणि फ्लॅशचे फोटो लागोपाठ असलेला एक, फ्रेम एकमेकींवर चढलेला एक, हाफ-फ्रेमचा एक, ७२ फ्रेमचा, एका बाजूची तीन-चार भोकं फाटलेली पट्टी, आणि दोन टोकांना चिकटपट्टीचा चिकटा राहिलेली पट्टी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. तो चिकटा रोलरवर जातो, रोलरवरून पुढच्या प्रत्येक फिल्मवर, आणि दर फेऱ्याला ठरावीक अंतरावर तोच डाग येतो. रोलरचा घेर ३८ मिमी किंवा त्याच्या पटीत नसेल याची काळजी घ्या. डाग वेगवेगळ्या जागी पडला की रोलरचा आहे हे लगेच कळतं. दर फ्रेमला एकाच जागी पडला तर लोक सेन्सरवरची धूळ समजून भलतीकडेच साफ करत बसतील. आणि रोलर हातानं फिरवून पुसता येईल असं एक झाकण बाहेरून ठेवा.